चार बोटं

महिन्याभरापूर्वी आमच्या खानदानाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो आला आणि पाऊण तासात त्याला सत्तावीस बदाम पडले. मला नोकरी लागली तेव्हासुद्धा एवढे पडले नव्हते!

फोटो १९७६ सालचा. साताऱ्याच्या घराचं अंगण, मागे पडदा म्हणून बांधलेली चादर, खुर्च्यांवर आजी-आजोबा, मागे काका, पुढे सतरंजीवर शेजारची दोन पोरं (फोटोवाला आला म्हटल्यावर घुसलेली) आणि उजव्या बाजूला हाफपँटीतले माझे बाबा, वय वर्षं बारा. मूळ फोटोची अवस्था बिकट. मधोमध घडी, कडा कुरतडलेल्या, आजीच्या चेहऱ्यावर ओल लागून पडलेला डाग. माझ्या चुलतभावाने, म्हणजे दादाने, तो स्कॅन करून एका ॲपला खायला घातला. घडी गायब, डाग गायब, वर रंगही भरून मिळाले. आजीचं लुगडं हिरवं झालं. खरं कुठलं होतं कोण जाणे, पण छान दिसत होतं.

फोटोत आणखी एक गोष्ट होती. बाबांच्या मागे माझी आत्या उभी होती. 'होती' म्हणजे, मूळ फोटोत त्या जागी कात्रीने कापलेलं भोक आहे. आत्याने १९८० साली घरी न विचारता, जातीबाहेर, रजिस्टर लग्न केलं. त्यानंतर कधीतरी कोणीतरी कात्री चालवली. कोणी, ते आमच्याकडे बोलायची पद्धत नाही. २००६ मध्ये आजोबा गेले, मग आत्याचं येणं-जाणं सुरू झालं, लग्नकार्यात मानपान सुरू झाला. फोटो मात्र कपाटातच राहिला.

कापणाऱ्याची एक अडचण झाली होती. आत्याचा हात बाबांच्या खांद्यावर होता. तो कापायचा तर बाबांचा खांदा कापावा लागला असता. म्हणून चार बोटं राहून गेली. बाबांच्या शर्टावर चार बोटं, आणि त्यांच्यामागे कोणीच नाही.

ॲपने भोक भरलं. मागची चादर तिथपर्यंत वाढवली, अगदी सुरकुत्यांसकट. आणि बोटं पुसून टाकली. शर्टाचा खांदा कसा स्वच्छ, इस्त्री केल्यासारखा.

ग्रुपवर आत्यानेही लिहिलं, "छान आलाय फोटो."

रात्री साडेदहाला बाबांचा फोन आला. एवढ्या उशिरा ते कधी करत नाहीत. इकडचं तिकडचं बोलले, जेवलीस का वगैरे. मग म्हणाले, "तू कॉम्प्युटरवाली आहेस म्हणून विचारतो. त्या फोटोतली बोटं कुठे गेली गं?"

*

उत्तर तांत्रिक आहे, आणि मला ते येतं. असली मॉडेल्स करोडो चित्रांवर शिकलेली असतात. चित्रातला एखादा भाग दिला नाही तर आजूबाजूचे पिक्सेल बघून तिथे बहुधा काय असेल, ते बनवून भरतात. कळीचा शब्द 'बहुधा'. चादरीच्या शेजारी बहुधा चादरच असते. खांद्यावर बिनमाणसाची चार बोटं बहुधा नसतात, म्हणजे तो डाग असणार, पुसा. ॲपचं काही चुकलं नाही. शिकवलं तसं वागलं.

पण मला त्या रात्री जाणवलं ते असं, की आपल्या घराबद्दल लक्षात ठेवण्यासारखं जे काही असतं, ते बहुतेक वेळा 'बहुधा'त बसत नाही. जे बहुधा असतं ते सगळ्यांच्याच घरी असतं. अंगण, चादर, आजी, आजोबा. आमचं घर आमचं होतं ते त्या चार बोटांमुळे.

हे सुचायचं एक कारण आहे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मला कोलाजचा नाद लागला. घरात रद्दी होती, फेव्हिकॉल होता, आणि मीटिंगमध्ये कॅमेरा बंद असायचा... असो. सुरुवातीला मासिकांतली फुलं, पक्षी कापून चिकटवायचे. मग त्यात लाँड्रीची चिठ्ठी, जुना बसपास, आईच्या ब्लाऊजची चिंधी, औषधाची रिकामी पट्टी असं काहीबाही यायला लागलं. याला मिक्स्ड मीडिया म्हणतात हे नंतर कळलं.

कोलाज हा शब्द 'चिकटवणे' या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून आला. १९१२ साली पिकासोने एका लंबगोल चित्रात वेताच्या खुर्चीची विणकाम रंगवायच्या ऐवजी त्या विणकामाचं छापील डिझाइन असलेलं मेणकापड सरळ चिकटवलं आणि भोवती चौकट म्हणून दोरखंड लावला. आधुनिक कलेतल्या कोलाजची गोष्ट बहुतेक जण इथून सांगतात. मला त्यातली गंमत ही वाटते की त्याने मेणकापड लपवलं नाही. हे बाहेरून आणलंय, इथे जोडलंय, हे बघणाऱ्याला दिसतं. कोलाजची सगळी ताकद त्या दिसणाऱ्या कडेत आहे. कड दिसते म्हणून आपण विचारतो, हा तुकडा आधी कुठे होता?

माझा सगळ्यात आवडता कोलाजवाला मात्र पिकासो नाही, रोमारे बेअर्डन. हा अमेरिकन कृष्णवर्णीय चित्रकार १९११ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटमध्ये जन्मला. वर्णभेदाच्या त्या काळात त्याचं कुटुंब तो लहान असतानाच उत्तरेला गेलं आणि तो न्यू यॉर्कच्या हार्लेममध्ये वाढला. तुम्हाआम्हाला जवळचं वाटेल असं म्हणजे त्याला दिवसाची नोकरी होती! न्यू यॉर्क शहराच्या समाजकल्याण खात्यात तो कित्येक वर्षं, १९६० च्या दशकाच्या शेवटापर्यंत काम करत होता. चित्रं संध्याकाळी आणि वीकेंडला. ज्या कोलाजांनी त्याचं नाव झालं ती १९६४ साली आली, तेव्हा तो त्रेपन्न वर्षांचा होता. (आपण अठ्ठाविसाव्या वर्षी 'आता उशीर झाला' म्हणतो.)

बेअर्डन मासिकांतून माणसं कापायचा. पण एका फोटोतला एक अख्खा माणूस घ्यायचा नाही. एक डोळा एका फोटोतला, दुसरा दुसऱ्यातला आणि आकाराने मोठा, गाल आफ्रिकन मुखवट्याचा, हात चेहऱ्याहून थोराड. त्यातून उभी राहायची ती त्याच्या आठवणीतली दक्षिणेकडची माणसं, आगगाड्या, बाप्तिस्मा, आणि हार्लेमचे जिने. १९७१ मध्ये त्याने 'द ब्लॉक' केलं, हार्लेममधल्या लेनॉक्स ॲव्हेन्यूवरच्या घरांची एक रांग, सहा तुकड्यांत, अठरा फूट लांब. भिंती मध्येच उघड्या, आत कोण झोपलंय, कोण अंघोळ करतंय ते दिसतं. आता ते न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. मी ते फक्त स्क्रीनवर पाहिलंय, झूम करकरून.

त्याला चेहरे नीट काढता येत नव्हते अशातला भाग नाही, तो उत्तम चित्रकार होता. पण ज्यांच्या घराण्याच्या गोष्टी गुलामगिरीत, स्थलांतरात तुटल्या, त्यांचा चेहरा एकसंध आणि गुळगुळीत काढला असता तर तो छान दिसला असता, पण खरा वाटला नसता. तुटलं ते तुटलेलं दाखवूनच त्याने माणूस पूर्ण केला. निदान मी तरी त्याची चित्रं अशी वाचते.

*

तर बाबांचा फोन झाल्यावर मी ठरवलं की त्या फोटोचं कोलाज करायचं. डोक्यात प्लॅन एकदम फिल्मी. भोकाच्या जागी आत्याचा तरुणपणीचा फोटो चिकटवायचा, सगळं कुटुंब पुन्हा एकत्र, बाबांना वाढदिवसाला द्यायचं. एका शनिवारी साताऱ्याला जाऊन दादाकडून मूळ फोटो आणला आणि पुढच्या शुक्रवारी संध्याकाळची हुतात्मा पकडून सोलापूरला आत्याकडे गेले.

आत्याबद्दल एक सांगायला हवं. मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नऊ वर्षांची होते. आजोबांच्या तेराव्याला एक बाई दारात उभी, आणि मला वाटलं, ही तर माझ्यासारखी दिसते. तोपर्यंत साताऱ्याला गेलं की म्हाताऱ्या बायका माझी हनुवटी धरून "अगदी हिच्या..." एवढंच म्हणायच्या आणि गप्प व्हायच्या. नऊ वर्षं मी 'अगदी हिच्या' होते. पुढचा शब्द दारात उभा राहिला तेव्हा कळला.

सोलापूरला तिने फोटो हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि चेहऱ्यांकडे न बघता आधी भोकाच्या कडेवरून नख फिरवलं.

"आईने कापलंय," ती म्हणाली.

"कशावरून?"

"अण्णा कापते तर पट्टी लावून सरळ कापते. फाइलवाला माणूस. हे बघ कसं वळणावळणाने गेलंय, मुंढा बेतल्यासारखं. आईची कात्री अशीच चालायची."

आजी गल्लीतल्या बायकांची पोलकी शिवायची, हे मला माहीत होतं. चव्वेचाळीस वर्षं ज्या प्रश्नाला घरात तोंड नव्हतं, त्याचं उत्तर कागदाच्या कडेवर होतं. दादाच्या नीट केलेल्या फोटोत ती कडच नाही.

मग मी विचारलं, बोटं तिने मुद्दाम ठेवली असतील का गं? आत्या म्हणाली, "मुद्दाम ठेवली, का पोराचा खांदा वाचवला, ते तिचं तिला माहीत. मी तर दोन्ही धरून चालते."

ग्रुपवर 'छान आलाय' कसं काय लिहिलंस, हेही विचारलंच. "मग काय लिहू? 'मी कुठाय' लिहू? सव्वीस वर्षं नाही विचारलं, आता सत्तरीत विचारू होय?"

माझा फिल्मी प्लॅन तिने अर्ध्या मिनिटात उडवला. "मला परत चिकटवू नकोस बाई. मी नव्हते तिथं. आई आजारी पडली तेव्हा नव्हते, तुझ्या बापाच्या लग्नात नव्हते. ते भोक बुजवलंस तर म्हणतील, काही झालंच नव्हतं."

आणि उठून तिने कपाटातून एक पिशवी आणली. आत निळी आंतरदेशीय पत्रं, एकोणीस. १९८२ ते १९८६, कोल्हापूरच्या हॉस्टेलवरून, बाबांच्या अक्षरात. बाबा तिला चोरून पत्रं लिहायचे! मेसची आमटी, गणितातला एटीकेटी, आईचा गुडघा, अण्णांचा राग, सगळं त्यात. आमच्या घरात हे कोणालाही, अगदी माझ्या आईलाही माहीत नव्हतं.

*

कोलाज दोन वीकेंड चाललं. ज्यांना करून बघायचंय त्यांच्यासाठी थोडं: मूळ फोटो, मूळ पत्र कधीही चिकटवू नका. स्कॅन करून लेझर प्रिंट काढा, कारण इंकजेटची शाई ओल्या गोंदाने पसरते. फेव्हिकॉल थोडं पाणी घालून पातळ करा, नाहीतर कागदाला पोपडे येतात. खाली जाड कागद हवा, मी शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतला वापरला. वर वजन म्हणून इंजिनियरिंगची पुस्तकं ठेवली. चार वर्षांत त्यांचा एवढा उपयोग झाला नव्हता.

भोक मी भोकच ठेवलं. प्रिंटमध्ये आजीची कात्री जशी गेली तशीच मी नेली, कडेकडेने. (आत्याच्या बाह्यरेषेवरून कात्री फिरवताना हात थोडा थांबला. आजीचाही थांबला असेल का?) भोकातून मागे बाबांची निळी पत्रं दिसतात, अर्धवट ओळी. बोटं जिथल्या तिथे.

आता मूळ मुद्दा. मी ॲपच्या विरोधात नाही. माझं पोट सॉफ्टवेअरवर चालतं. आणि जोड लपवलेलं प्रत्येक चित्र खोटं असतं असंही नाही. विवान सुंदरम (२०२३ मध्ये ते गेले) यांनी २००१-०२ मध्ये 'री-टेक ऑफ अमृता' ही मालिका कॉम्प्युटरवरच केली. अमृता शेर-गिल त्यांची मावशी. ती १९४१ मध्ये लाहोरला गेली, वय अठ्ठावीस, म्हणजे आज माझं आहे तेवढं. यांचा जन्म १९४३ चा, त्यामुळे भेट होणं शक्यच नव्हतं. आजोबा उमरावसिंग यांनी घरच्यांचे काढलेले जुने फोटो घेऊन त्यांनी एकात एक मिसळले. वेगवेगळ्या सालातली, वेगवेगळ्या गावांतली माणसं एका खोलीत, आरशासमोर. जोड कुठे दिसत नाही. तरी ते फसवत नाहीत, कारण हे असं घडणं शक्य नाही हे बघताबघता कळतं. नातवाने जुळवलंय, ही त्याची कल्पना आहे, हे चित्रच सांगतं. आमच्या ग्रुपवरच्या फोटोने मात्र असं भासवलं की १९७६ साली हे असंच होतं.

म्हणजे प्रश्न कात्री-फेव्हिकॉल की कॉम्प्युटर, हा नाही. मी स्वतःसाठी एक साधा नियम केलाय. घडी काळाने पाडली, डाग ओलीने पाडला, ते खुशाल पुसा. कात्री माणसाने चालवली, ती पुसू नका. झीज आणि निर्णय यातला फरक यंत्राला कळत नाही, तो घरच्या माणसानेच सांगायचा असतो. आमच्या भाषेत सांगायचं तर तो फोटो म्हणजे न सुटलेला मर्ज कॉन्फ्लिक्ट आहे. आजीची एक आवृत्ती, आत्याची एक. दोन्ही ठेवून, मधल्या खुणांसकट कमिट करायचा. ऑफिसात असं केलं तर बिल्ड फुटेल, पण घर म्हणजे काही बिल्ड नाही.

दादाशी यावर बोलले. तो म्हणाला, "लोकांना छान आठवण हवी असते गं, जखम कशाला दाखवायची? आणि आजीचं नाव खराब होतं त्याचं काय?" त्याचं अगदीच चुकतंय असं मला म्हणता येत नाही. आत्याने 'छान' लिहिलं त्यात माफीही असेल. पण आजीचं नाव कात्रीमुळे खराब होत असेल, तर त्याच कात्रीने सोडलेल्या बोटांमुळे ते थोडं सुधारतंही. पुसलं की दोन्ही जातं.

आणि यात माझा स्वार्थ आहे. सध्या घरात माझ्या लग्नाचं चाललंय. साइटवरच्या प्रोफाइलमध्ये जात, पोटजात असे रकाने आहेत, आईने ते उत्साहाने भरलेत. 'मी कोण' या प्रश्नाला तिथे ड्रॉपडाऊन आहे. त्यात 'अगदी आत्यासारखी' हा पर्याय नाही. मी कोणाशी लग्न करीन माहीत नाही, पण आमच्या घरात एकदा या रकान्यावरून कात्री चालली होती, हे मला आणि घरच्यांना दिसत राहायला हवं. त्या रकान्याबद्दल आईशी बोलायचं बाकी आहे. धीर गोळा करतेय.

मागच्या रविवारी आई-बाबा आले होते. बाबा कोलाजसमोर बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं, आता काहीतरी म्हणतील. म्हणाले, "अक्षर काय घाण होतं माझं." मग आईने विचारलं, कसली पत्रं? आणि ते दोघं गॅलरीत जाऊन बसले. मी चहा करायला गेले तो मुद्दाम उशिरा केला.

संध्याकाळी कोलाजचा फोटो ग्रुपवर टाकला. आठ बदाम पडले. दादाच्या मुलीने, आठवीत आहे, विचारलं, "ही बोटं कुणाची आहेत?" सत्तावीस बदामांच्या फोटोवर हा प्रश्न कोणी विचारूच शकलं नसतं. बराच वेळ कोणी काही लिहिलं नाही. मग बाबांनी लिहिलं, "माझ्या ताईची." एरवी ते तिथे फक्त शुभ सकाळ पाठवतात.

असो. तुमच्याही घरात असा एखादा फोटो असेल तर नीट करायच्या आधी एकदा कडेवरून नख फिरवून बघा. आणि मूळ फोटो टाकून देऊ नका.